ऊन उतरलं की काच उघडी पडती

आत्याबाई,

तुमाला गाढ झोप लागलती, म्हणून उठवलं न्हाई. मी मागच्या दारानं पाटोद्याला जातेय, भावाची गाडी घेऊन येते.

निंबाखाली सकाळपासून जीप उभी हाय. उद्या कोर्टात साक्ष दिलीस तर बघ, अशी ह्यांना धमकी देऊन गेलेले तेच दोघं आत बसलेत. हे गावाला गेलेत असं मी दारातूनच सांगितलं, पण ते काय हलंनात. ह्यांना जीपचं बोलू नका, काठी घेऊन बाहेर पडतील.

पुढच्या खोलीची नवी काच काळी हाय, बाहेरून दिसत न्हाई, म्हणून हे बिनघोर झोपाळ्यावर बसतात. पण तिच्यावरचा लेप उन्हानं तापला तरच काळा होतो. ऊन उतरून काच निवली की सगळं आरपार दिसतं. काल दिवेलागणीला मी अंगणातून बघितलं, तुमच्या हातातली वातसुदा दिसत होती.

उन्हं कलायच्या आत ह्यांना मधल्या खोलीत न्या. पाय लई दुखतात म्हणा, चेपायला बसवा.

आन् हात जोडते, आज देवापुढं दिवा लावू नका. आज त्या उजेडात लक्ष्मीच्या आधी ते दोघं घरात येतील.

तेजश्री