मागचे पान वाचायचे राहिले

मी, सुषमा ज्योतिबा कोळपे, वय सत्तावीस, अविवाहित, बालवाडी शिक्षिका, राहणार कासुर्डी शिवारातील कोळपे वस्ती, तालुका दौंड, जिल्हा पुणे, शुद्धीवर असताना आणि कोणी भाग पाडलेले नसताना माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते. येत्या बुधवारी पुण्यात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरायचे कारण नाही, इथे सही करा. कारण नसेल तर सही कशाला, हे मला विचारता आले नाही.

मृत्युपत्राला स्टँपपेपर लागतो असे दौंडच्या टायपिस्टने सांगितले, लागत नाही असे तलाठी म्हणाले. म्हणून साध्या कागदावर लिहून स्टँपपेपर कोराच सोबत जोडला आहे.

१. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, माझ्या नावावर केलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या माझी मावशी म्हाळसाबाई हिला द्याव्यात. माझा भाऊ बन्सी याने वाईट वाटून घेऊ नये. त्याला दौंडला रेल्वेची खोली आहे. "पोरीच्या नावावर घर कशाला?" हे तो आबांच्या दहाव्याला बोलला होता, ते मी विसरले आहे असे लिहिणार होते, पण खोटे कसे लिहू?

२. आबांचे घोंगडे बन्सीला. मला मुळाक्षरे आबांनीच शिकवली, मेंढरांच्या वाड्याच्या मातीत काठीने काढून. अंक मात्र शिकवले नाहीत. "मेंढरं वळखावी, मोजू न्हाई. मोजली की नजर लागती," असे म्हणायचे. अंक मी शाळेत शिकले.

३. हे कलम नीट वाचावे. ऑगस्ट २००२ मध्ये जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून एक परिपत्रक आले. वस्तीवर वाचता येणारी मीच, म्हणून भोंग्यावर मी सांगितले, "सोमवारी मेंढ्या मोजायला माणसं येणार आहेत, सर्वांनी हजर राहावे." एवढे पुढच्या पानावर होते. मागच्या पानावर लांबलचक वाक्ये होती, 'निश्चित करणेकामी', 'सदरहू मात्रा' अशी. मला पुरते कळले नाही. चुकीचे सांगण्यापेक्षा न सांगितलेले बरे, असे मला वाटले.

मावशीने विचारले, "सुषे, मोजून काय करनार त्ये?"

मी म्हणाले, "ते मला माहीत नाही."

"तुला न्हाई म्हाईत, मग मला म्हाईत हाय. दंड लावत्याल, दुसरं काय!" असे हसत म्हणून तिने बारा मेंढ्या वाड्यात ठेवल्या आणि बाकीच्या ओढ्यापलीकडे हाकलल्या.

मोजणी लसीसाठी होती. जेवढी मेंढरे, तेवढ्याच मात्रा. मावशीला बारा मिळाल्या. दिवाळीच्या आत साथ आली आणि तिच्या लस न मिळालेल्या (        ) मेंढ्या मेल्या. आकडा मला माहीत नाही. तिने तो कधी कोणाला सांगितलेला नाही.

चावडीसमोर वस्तीतले वडीलधारे हौसरावआप्पा सर्वांदेखत म्हणाले, "म्हाळसे, सरकारला फसवाय गेलीस, आता भोग." मी तिथेच बसले होते. परिपत्रक माझ्या पिशवीत होते. मी बोलले नाही. मावशीने उरलेली बारा विकली. आज ती सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहते आणि कंपनीत झाडू मारते. तेव्हापासून लोक तिला लबाड म्हणतात. लबाडी तिची होती की भीती, आणि गप्प बसणे माझी भीती होती की लबाडी, हे मला अजून उलगडलेले नाही. पण मागचे पान मी वाचून दाखवले नव्हते, हे नक्की.

४. माझ्या सात मेंढ्या मावशीला. मी वाचले तरी तिलाच. हे मृत्युपत्रात लिहिता येते की नाही, ते कोणी सांगितले नाही.

५. माझ्याकडचा भोंगा बालवाडीला द्यावा. त्यावरून पुढे जो कोणी सरकारी कागद वाचेल, त्याने आधी स्वतः समजून घ्यावा, न समजल्यास तसे सांगावे आणि विचारून यावे. कशासाठी, ते आधी सांगावे. मग ऐकणाऱ्यालाच विचारावे, तुला काय समजले?

६. हा कागदही तसाच वाचावा, दोन्ही बाजूंनी.

पुरवणी. आज रविवार, मावशीची सुट्टी. साक्षीदारांसमोर तिला सर्व वाचून दाखवले आणि विचारले, "काय समजलं, ते सांग."

ती मग म्हणाली, "तू भ्यालीस आन् गप बसलीस. मी भ्याले आन् लपवली. ह्येच ना?"

हौसरावआप्पा खाली बघत होते. मावशीने कागदावर बोट ठेवले. "हितं मोकळं का सोडलंस?"

"आकडा तुझा आहे, मावशी."

"लिही. चौऱ्याऐंशी. कानफाटी गाभण व्हती, पर ती एकच धर."

कलम ३ मधील रिकाम्या जागी चौऱ्याऐंशी वाचावे.

सही: सुषमा ज्योतिबा कोळपे

साक्षीदार, मागचे पान ऐकून:
१. हौसराव (सही)
२. सिंधूबाई (डाव्या हाताचा अंगठा)

कासुर्डी, १९ मार्च २००६