गहू ‘लवकर पिकला’

९ मार्च २००४, मंगळवार

मूर्ख! ऑफिसात नुसते मूर्ख भरलेत!

ऋतिकाचा फोन आला होता. मी निवृत्त झाले तेव्हा ही पोर माझ्या शेजारी बसून उपग्रहाची चित्रं वाचायला शिकत होती. आता तिथेच कंत्राटावर आहे. म्हणाली, पंजाब-हरियाणाचा गहू यंदा फारच लवकर पिवळा दिसतोय. साहेब खूश — "गहू लवकर पिकला, भरघोस येणार!"

पिकला नाही, करपला! ऐन दाणा भरायच्या वेळी असा उन्हाळा झाला की ओंबी घाईघाईने वाळते. आत दाणा पोचट. वरून दोन्ही पिवळंच! हिरवाईवरून पीक मोजायची पद्धत मीच तिथे बसवली. पण तेव्हा मार्च एवढा तापत नव्हता. आता शेजारी उष्णतेची चित्रं ठेवल्याशिवाय तिला अर्थ नाही. नोकरीत शेवटपर्यंत हेच ओरडत होते.

१४ मार्च

ग्रेसीवहिनी म्हणते, "आपन भातखाऊ मानसं. तुला गव्हाचं काय गं एवढं?"

म्हटलं, सकाळी पाव कशाचा खातेस?

"बेकरीचा!"

१५ मार्च

वीज नाही. घाम. लिहवत नाही.

१९ मार्च

ऋतिकाला फोनवर झापलं. पिकाच्या अंदाजात फुगवलेला आकडा छापला की सरकारी साठ्यातला गहू परदेशात विकतील, आणि पुढच्या वर्षी माणसं रेशनच्या दुकानातून रिकाम्या पिशव्या घेऊन परततील. उष्णतेची चित्रं दाखव त्यांना!

"दाखवली, मॅडम. साहेब म्हणाले, पिकला म्हणजे पिकला. तुमच्या मॅडमना पेन्शन मिळतंय ना वेळेवर?"

मग तू काय म्हणालीस?

"चित्रं गुंडाळून परत आले, मॅडम."

त्या अंदाजाखाली सही करू नकोस म्हटलं. तर म्हणे, "जूनमध्ये माझं कंत्राट संपतंय, मॅडम."

"मग कर सही, आणि जेव पोचट गहू!" रिसीव्हर आपटला. कणाच नाही पोरीला!

२८ मार्च

आमच्या उमेळ्यात आणखी एक वाडी बिल्डरच्या घशात गेली. केळी, विहीर, सगळं सपाट. आकाशातून आता आमच्या गावाचे पांढरे ठिपके दिसत असतील. साहेब म्हणतील — विकास पिकला!

ऋतिकाचा फोन नाही. न येवो.

४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चमध्ये मिस्साला गेले. फादर गव्हाच्या दाण्यावर बोलले — जमिनीत पडून मरतो म्हणून पुष्कळ पीक देतो. देवा, तो दाणा निदान भरलेला तरी होता! प्रार्थना जमली नाही. कुणासाठी करायची?

७ एप्रिल

पेपरात अंदाज आला. विक्रमी गहू. खाली लिहिलंय — "ज्येष्ठ शास्त्रज्ञ मटिल्डा तुस्कानो यांच्या पद्धतीनुसार."

माझं नाव!

ऋतिकाला ऑफिसात फोन लावला. तिथे नव्हती. घरी सापडली. नोकरी गेलीय.

"मी सही केली नाही, मॅडम. म्हणून त्यांनी तुमचं नाव घातलं."