आमचं काय, बरं चाललंय

१४ मार्च, शनिवार

माझ्या खोलीतल्या आयव्हाचा खोकला कमी. समोरच्या खोलीतल्या होबर्टचा गुडघा सुजलेलाच, पण तोंड ठणठणीत. पलीकडची मिस ऑर्फा काल दोन घास जास्त जेवली. स्वयंपाकघरातल्या डेलाच्या नातवाचा ताप उतरला. रोज सकाळी वॉकर धरून या म्हाताऱ्यांच्या होमच्या कॉरिडॉरभर फिरायचं, एकेकाला विचारायचं, मग नाश्ता — हा माझा नेम. आज मोडला. आपापल्या खोलीतच बसा म्हणतात. मग दारातूनच हाका मारून विचारलं.

होबर्ट तिकडून म्हणाला, "आणि तुझं गं, डेल्फी?"

"आमचं काय, बरं चाललंय."

साथ आहे. बाहेरचं कुणी आत येणार नाही, पोटचं पोर असलं तरी. या डोंगरात डांबरी रस्ता आला तो माझं लग्न होऊन लेक झाल्यावर — साथ मात्र धावत आली!

उद्या माझी लेक रेनिटा यायची होती. मक्याचा पाव आणणार होती.

२० मार्च, शुक्रवार

रेनिटाचा फोन. ती वाढपाचं काम करायची ते हॉटेल बंद झालं. नोकरी गेली. रडली नाही. म्हणाली, "आमचं बरं आहे, आई." माझीच लेक!

२९ मार्च, रविवार

खिडकीतून भेट. ती बाहेर फुलांच्या वाफ्यात उभी, मी आत, दोघींच्या कानाला फोन. काचेला हात लावला तिनं. मीही लावला. काच गार.

मग बातमी सांगितली. माझ्या इथल्या खाटेचे पैसे मेडिकेडवाले, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचे लोक भरतात, त्यांनी साथीपुरते नियम सैल केलेत. म्हातारं माणूस घरी नेलं, तर सांभाळणाऱ्या घरच्याच माणसाला सरकार पगार देणार. आधी परक्या बाईलाच द्यायचे. म्हणजे रेनिटा मला घरी नेणार, आणि मला न्हाऊमाखू घालायचं तेच तिचं काम!

"फक्त एक तपासणी आहे," म्हणाली. "तुला किती मदत लागते ते बघायला राजधानीहून बाई यायची. आता येणार नाही, फोनवर विचारेल."

मी म्हटलं, विचारू दे. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही.

आपलं खोरं. आपला ओटा. ओट्यावरची खुर्ची. आज जेवणच गेलं नाही, इतकं पोट भरलं.

२ एप्रिल, गुरुवार

नवी बाई आली कामाला — लोरीन. शाळेत पोरांचा स्वयंपाक करायची. शाळा बंद झाल्या, इथल्या निम्म्या बाया आजारी पडल्या, तर सरकारनं सांगितलं की कॉम्प्युटरवर आठ तासांचं शिक्षण घ्या आणि लागा कामाला. माणूस लाखाचं! पण आंघोळ घालते ती बटाटे घासल्यासारखी. आणि गाऊनची बटणं वरून लावत येते, शेवटी एक बटण उरतंच. मी शर्टाच्या कारखान्यात अर्धं आयुष्य काजं केली, मला बघवत नाही. "खालून सुरू कर गं, खालून चुकत नाही. माझ्या लेकीला चार वर्षांची असताना शिकवलंय."

"मिस डेल्फी," लोरीन म्हणाली, "आठ तासांत बटणं नव्हती."

आयव्हा इतकी हसली की खोकला परत आला.

७ एप्रिल, मंगळवार

झाली तपासणी! बाईचं नाव बेव्हरली. आवाज गोड. त्यांची कचेरी बंद, म्हणून आपल्या घरच्या टेबलाशी बसून बोलत होत्या. मागं कुत्रं भुंकत होतं. आधी मी त्यांच्या घरच्या सगळ्यांची विचारपूस केली, कुत्र्याचीसुद्धा. मग प्रश्न. आंघोळ कशी करता? म्हटलं, चालवून घेते. कपडे? घालते हो, सावकाश. रात्री उठावं लागलं तर? उठते की. पडलात का कधी? म्हटलं, पडतं माणूस, उठतं माणूस. जेवताना हात? देवानं दोन दिलेत, तक्रार नाही.

खूप हसल्या. म्हणाल्या, "मिसेस स्टिडम, तुमच्याशी बोलून बरं वाटलं."

मलाही. आठवीत शाळा सुटली, पुढचं वाचणं मी आमच्या झोपडीच्या भिंतींना चिकटवलेल्या वर्तमानपत्रांवरून शिकले. तरी राजधानीच्या बाईशी कुठं अडखळले नाही. रेनिटाला अभिमान वाटेल.

१२ एप्रिल, ईस्टर

उकडलेलं अंडं, एक. प्रार्थना टीव्हीवर. पुढच्या ईस्टरला आपल्या चर्चमध्ये, आपल्या बाकावर.

१७ एप्रिल, शुक्रवार

नापास.

होय, नापास झाले. रेनिटानं खिडकीतून सांगितलं. तिचे डोळे सुजलेले. बेव्हरलीबाईंच्या हिशेबानं मला तेवढी मदत लागतच नाही. इथं ठेवण्याइतकी जी अडलेली, तिलाच घरी मदत मिळते.

"आई, काय केलंस हे? तुला काय वाटलं, पाद्रीबाबा चहाला आलेत?"

मी म्हटलं, होमच्या कागदावर असेल की सगळं. तर म्हणाली, नर्सा साथीत बुडाल्यात, कागद कुणी पाठवलेच नाहीत, सगळं तुझ्या शब्दावर गेलं.

माझ्या शब्दावर! मागच्या वेळी, खुबा मोडून मी इथं आले तेव्हा, तपासणीची बाई समोर बसली होती. मी तेव्हाही हेच म्हटलं होतं — बरं चाललंय. पण ती माझ्या हातांकडे बघत होती. कप बशीवर कसा वाजतो ते ऐकत होती. फोनवर कप वाजला नाही. मी कप हातात घेतलाच नव्हता.

१८ एप्रिल, शनिवार

लोरीनला विचारलं, आता मला इथूनही काढतील काय? नाही म्हणाली. साथ संपेपर्यंत मेडिकेडच्या यादीतून कुणाचंही नाव काढायचं नाही असा हुकूम आहे. तेवढी दया आहे.

म्हणजे बाहेर घालवणार नाहीत, आणि घरीही सोडणार नाहीत. हे बरंय! मांजर फळीखाली अडकावं तसं झालंय.

पुन्हा तपासणी मागता येते, म्हणाली. रेनिटा त्याच्याच मागं आहे.

२० एप्रिल, सोमवार

आयव्हानं शिकवणी घेतली. मी पलंगावर, ती आपल्या पलंगावर, मधे पडदा. ती बेव्हरली झाली.

"आंघोळ कशी करता?"

"लोरीन जरा हात लावते."

"जरा? ती तुला उचलून नेते, डेल्फी. परत सांग."

"मला... लोरीन मदत करते."

"मला एकटीनं जमत नाही — असं म्हण."

तोंडातून निघेना. खरंच निघेना! आमच्या आईनं कोळशाच्या खाणीत नवरा गमावला, त्याच दिवशी दारात आलेल्या शेजारणीला म्हणाली, बसा, आमचं काय, बरं चाललंय. या डोंगरात माणूस मरताना डॉक्टरची माफी मागतं, त्रास दिला म्हणून. मी कुठून आणू ते वाक्य?

आयव्हा म्हणाली, "लाज घरी जाऊन धर. इथं लाज धरशील तर इथंच राहशील."

चौऱ्याऐंशीची आहे. जिभेला धार आहे अजून.

२३ एप्रिल, गुरुवार

आयव्हाला ताप. अंतराळात निघाल्यासारखे कपडे घालून दोघं आले आणि खाटेसकट तिला घेऊन गेले, त्या टोकाच्या कॉरिडॉरमध्ये, प्लास्टिकच्या पडद्यापलीकडे. जाताना मी विचारलं, कशी आहेस. ती म्हणाली — "बरी नाही मी, डेल्फी. भीती वाटते."

बघ, किती सरळ म्हणाली.

२४ एप्रिल, शुक्रवार

माझी तपासणी झाली — नाकात काडी घालून ती साथीची. अजून तरी नाही मला. शेजारची जागा रिकामी. भिंतीवर तिच्या खाटेचा ओरखडा आहे.

२८ एप्रिल, मंगळवार

रेनिटा खिडकीशी आली नाही. रविवारीही नाही. फोन येतो, पण तुटका. आवाज दबका, मागं भांड्यांचा नाहीतर दाराचा आवाज. "काम लागलंय, आई." कुठं? "आहे एका ठिकाणी. पुढच्या मंगळवारी बेव्हरलीबाई तुला फोन करतील. या वेळी खरं सांग. एवढं कर माझ्यासाठी."

रागावली आहे. हक्क आहे तिचा. हातातलं घर मी हसत हसत घालवलं.

५ मे, मंगळवार

सांगितलं.

लोरीनला बाहेर जा म्हटलं, दार लावून घेतलं. बेव्हरलीबाईंनी आंघोळीपासून सुरुवात केली. मी म्हटलं, "बाई, थांबा. तुम्ही विचारू नका. मी एका दमात सांगते, मधे थांबले तर परत सांगणार नाही."

मग सांगितलं. आंघोळ जमत नाही. बटण जमत नाही — शर्टांची काजं करणारीला बटण जमत नाही! रस्सा चमच्यातून तोंडापर्यंत पोचत नाही, म्हणून मी भूक नाही म्हणते. रात्री संडासापर्यंत पोचत नाही. पोचत नाही म्हणजे काय, तेही सांगितलं. पडले ते चार वेळा, होमला एकच माहीत आहे, बाकीच्या वेळी आयव्हानं घंटा दाबू नये म्हणून मीच तिला शपथ घातली होती. वर्तमानपत्र आता वाचत नाही, पान उलटत नाही म्हणून. वही लिहिते तीही पेन मुठीत धरून.

तिकडं पेन खरखरत होतं.

मग बाई म्हणाल्या, "मिसेस स्टिडम, हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"आमच्यात असं सांगत नाहीत, बाई."

त्या म्हणाल्या, "माझी आईही तुमच्याच डोंगरातली. मला कळायला हवं होतं. समोर बसले असते तर कळलं असतं." त्यांचा आवाज तसा गोड राहिला नव्हता, पण मला आवडला. म्हणाल्या, वरच्यांपुढे ठेवते, वेळ लागेल, अर्ज ढिगानं आलेत. निकाल लेखी कळवते.

फोन ठेवला. अंगावरचं सगळं काढून चौकात उभं केल्यासारखं वाटलं. मग — हलकंही वाटलं. खोटं कशाला लिहू, वहीशी तरी.

७ मे, गुरुवार

होबर्टलाही नेलं पडद्यापलीकडे. सकाळी विचारायला आता मिस ऑर्फाच उरली. तीही उत्तर देत नाही, मान हलवते.

आयव्हा आहे अजून, एवढंच कळतं.

१० मे, रविवार

मातृदिन. बाहेरच्या गवतावर गाड्या लागल्या. खिडक्या-खिडक्यांशी लेकी, फुलं, रंगीत फुगे. मिस ऑर्फाच्या खिडकीशी तर आख्खं खानदान गात होतं, बेसूर.

माझ्या वाफ्यात कुणी नाही. पडदा ओढायला लोरीनला सांगायचं, तर लोरीन नाही. दोन दिवस दिसली नाही. विचारलं, तर कुणी नीट बोलेना.

फोनही नाही आला आज.

११ मे, सोमवार

सकाळी नवी बाई आली. आठ तासांचीच असणार. टोपी, चष्मा, मुखपट्टी, निळा झगा, माणूस दिसेना. बोलली नाही. अंग पुसलं, हळू. गाऊन चढवला. आणि बटणं लावायला घेतली — खालून.

मी तिचे हात धरले. हातमोज्यातून ओळखले.

"बोलू नको, आई," तिनं कुजबुजून सांगितलं. "तू माझी आई आहेस हे कळलं तर मला दुसरीकडे टाकतील. कामवाल्यांच्या याच दारानं आत येता येत होतं, म्हणून कामाला लागले. आधी पलीकडे होते, पडद्याच्या. आयव्हा आहे. तुझी आठवण काढते."

मी विचारलं, तू कशी आहेस.

डोळे मिटले तिनं चष्म्याआड. "आमचं काय," म्हणाली, "बरं चाललंय."

खोकली. एकदाच.

बेव्हरलीबाई, निकाल लवकर लिहून कळवा हो. आता आत आम्ही दोघी आहोत.