अकरा क्लब, एकोणीस स्थळं

वुडलँड्स, सिंगापूर
रविवार, दुपार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सातच अंगं टेकली आहेत असं समज, डावा गुडघा तुआसच्या कारखान्यात जिना उतरताना मुरगळला आहे.) तुझी शुगर काबूत असेल, वहिनीची कंबर दुखायची थांबली असेल आणि शेजाऱ्यांनी आपली मोगऱ्याची कुंडी पुन्हा सरकवली नसेल, अशी आशा आहे. मी इथे खणखणीत आहे. मी लग्न करतेय असं गुरुवारी सांगितल्यावर तू फोनवर दोनच वाक्यं बोललास. पहिलं, "इंग्रज, आणि वर फुटबॉलवाला?" दुसरं, "मी येणार नाही." मग फोन ठेवलास. म्हणून उरलेलं कागदावर. कागद तू मध्येच ठेवणार नाहीस, तू पेपरातल्या निविदासुद्धा शेवटपर्यंत वाचतोस. या पत्रात कसलीही विनंती नाही, हे आधीच सांगते. लग्न तुझ्याशिवायही व्यवस्थित पार पडेल. केवळ माहितीसाठी लिहिते आहे.

गेल्या वीस वर्षांत तू मला एकोणीस स्थळं पाठवलीस, सगळ्यांची माहिती एकाच साच्यात. मीही तोच साचा वापरते. नाव कॉलिन. वय एकोणपन्नास, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठा (तुझी अट पूर्ण). उंची सहा फूट चार इंच. रंग गोरा, हे लिहायला तू कधी विसरत नाहीस म्हणून. रास विचारली तर त्याच्या आईने रक्तगट कळवला. शिक्षण सोळाव्या वर्षी थांबलं. नोकरी, गोलकीपर. इथे तू चष्मा काढून डोळे चोळशील, म्हणून खुलासा करते. इंग्लंडच्या उत्तरेला, आपल्या तालुक्याएवढ्या गावातल्या क्लबात तो नऊ वर्षं कायम होता. त्यातली सहा बाकावर बसून गेली, कारण पहिला गोलकीपर आजारीच पडेना. (वरचे साहेब निवृत्त होईपर्यंत तूही सात वर्षं थांबला होतास, तेव्हा ही अवस्था तुला नव्याने सांगायला नको.) मग क्लबाने त्याला काही महिन्यांसाठी दुसऱ्या क्लबाला दिलं, तिथून तिसऱ्याला. तुमच्या पाटबंधारे खात्यात याला डेप्युटेशन म्हणतात आणि वर भत्ता मिळतो. त्याला बसमध्ये मागची सीट मिळायची. पुढे परदेश. आइसलंडमध्ये इतका वारा की त्याने मारलेली गोल किक एकदा त्याच्याच डोक्यावरून परत गेली. माल्टामध्ये क्लबाच्या अध्यक्षाचा जावईही गोलकीपर निघाला. मग हाँगकाँग आणि शेवटी सिंगापूर. एकूण अकरा क्लब. तुला हे अस्थिर वाटेल. मला वाटतं, अकरा ठिकाणच्या लोकांना हा माणूस हवासा वाटला. (दहा ठिकाणी पुढे नकोसाही झाला, पण ते बायोडेटात लिहायचं नसतं, हे मी तुझ्याकडूनच शिकले.) आता त्याचे गुडघे बोलतात, म्हणून तो पुंगोलला लहान मुलांना गोलकीपिंग शिकवतो. इथे काम करायचा सरकारी पास पक्का आहे आणि पगार वेळेवर होतो.

त्याची सगळ्यात गाजलेली मॅच एका बड्या क्लबाविरुद्धची. तीत त्याच्यावर सात गोल झाले. लोक अजून ते सातच सांगतात. त्याने चौदा अडवले होते, पण ते मोजायला फक्त त्याची आई बसली होती. हे सगळं त्याने मला पहिल्याच भेटीत, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नूडल्स खाताना, अजिबात न लाजता सांगितलं, आणि मला तो तिथेच आवडला. (तुझ्या एकोणिसांपैकी कोणीही आपल्यावर झालेले गोल सांगितले नव्हते. एकाने तर पहिलं लग्नसुद्धा सांगितलं नव्हतं.) मग मीही त्या एकोणीस स्थळांची हकिगत सांगितली. तो काटे-चमचे खाली ठेवून गंभीरपणे म्हणाला, तुझा रेकॉर्ड माझ्यापेक्षा चांगला आहे. दादा, वीस वर्षं घरातले सगळे म्हणतात, सुनेत्राचं काही जमलं नाही. ते एकोणीस मी अडवले, असं म्हणणारा हा पहिला माणूस. मला रडूच आलं, आणि मी ते चिली सॉसवर ढकललं.

आता अनघाच्या लग्नातला प्रकार. तो इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवरून तुझ्यापर्यंत पोचलाच असेल, म्हणून खरं काय घडलं ते ऐक. अनघा माझ्या ऑफिसातली. लग्न इथेच वुडलँड्सच्या एका हॉलमध्ये, गुरुजी म्हणजे आपले प्रबोध, जे सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळतात. अंतरपाटाचं एक टोक त्यांच्या हातात. दुसरं त्यांनी हॉलमधला सगळ्यात उंच माणूस बघून कॉलिनकडे दिलं. मी त्याला मुहूर्त, मुंडावळ्या, मामा, सगळं समजावून सांगितलं होतं. अक्षता तेवढ्या सांगायच्या राहिल्या. (सावधान म्हणजे काय, हे मात्र त्याने विचारून घेतलं होतं, आणि मी प्रामाणिकपणे सांगितलं होतं.) पहिली मंगलाष्टक संपली आणि तिन्ही बाजूंनी दोनशे मुठी सुटल्या. पंचवीस वर्षांची सवय. त्याने टोक सोडलं आणि नवरीसमोर झेप घेतली. डावीकडच्या अक्षता हातांनी अडवल्या, उजवीकडच्या कोपराने परतवल्या, आणि एक मूठ छातीशी कवटाळून गालिच्यावर आडवा झाला. अंतरपाट गुरुजींच्या डोक्यावर पडला. चार मंगलाष्टका शिल्लक असताना नवरा-नवरी एकमेकांकडे बघत होते, आणि अनघाला हसू आवरेना. गुरुजी मात्र कापडाखालून म्हणतच राहिले, एक अक्षर चुकले नाहीत. कॉलिनकडे शिकणारी अनघाची भाची चैत्राली खुर्चीवर उभी राहून ओरडली, "कोच, गुड सेव्ह, लाह!" (इथे प्रत्येक वाक्याला शेवटी लाह लागतं, आपल्या 'रे'सारखं.) चार ज्येष्ठ बायका अपशकुन म्हणाल्या. त्या चौघींना कॉलिनने पंगतीत स्वतः जिलबी वाढली, आणि तिसऱ्या जिलबीला त्यांचा अपशकुन मिटला. पण मी म्हणते, नवरीच्या अंगावर काहीतरी येतंय असं दिसल्यावर हा माणूस विचार न करता मध्ये पडला. तुझ्या एकोणिसांपैकी कोण पडला असता?

तर पुढच्या महिन्यात अठरा तारखेला, त्याच हॉलमध्ये, प्रबोधगुरुजींच्याच हस्ते लग्न आहे. (गुरुजींनी या वेळी अंतरपाट जरा हलका आणायचं ठरवलंय.) आई-बाबा असते तर काय म्हणाले असते, याचा विचार मी करून झाला आहे. तू यावंस असा आग्रह नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी एकुलती एक बहीण,
सुनेत्रा

ता. क. वहिनीचा काल फोन आला होता. तू त्याचं नाव शोधून ती सात गोलांची मॅच मोबाइलवर तीनदा पाहिलीस म्हणे, आणि तिसऱ्यांदा, "पाचव्या गोलात त्याची काही चूक नव्हती" असं स्वतःशीच म्हणालास. कॉलिनला सांगितलं. तो म्हणाला, पाचव्याबद्दल असं बोलणारा आईनंतर हाच पहिला.

ता. क. २. कॉलिनला मी बजावलंय की त्या दिवशी हात खाली ठेवायचे आणि सगळ्यांच्या अक्षता अंगावर येऊ द्यायच्या. तो प्रयत्न करतो म्हणाला. दादा, वर आग्रह नाही असं लिहिलंय ते खोडून वाच. अंतरपाटाचं एक टोक गुरुजी धरतील. दुसरं टोक धरायला उंच माणूस नको आहे. ते मी अजून कोणालाच दिलेलं नाही.