सर्वांदेखत प्यायलेला पेला

प्रिय धाकटे,

त्या सकाळी ओढ्याला वास येतो म्हणून तुमची वस्ती आमच्या हॉटेलवर आली, तेव्हा मी सर्वांदेखत पेलाभर पाणी प्यायलो. आमचं सांडपाणी यंत्रातून असं स्वच्छ होऊनच ओढ्यात जातं, म्हणत नळ सोडला, मनात देवाचं नाव घेतलं आणि पेला रिकामा केला. शेजारीण नाक मुरडत होती, तर तू तिलाच सुनावलंस, "माझा दादा पितोय, तुमचे घसे काय सोन्याचे लागून गेलेत?" सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसापासून तुम्ही पुन्हा ओढ्याचं पाणी भरू लागलात. धाकटे, तो नळ बोअरचा होता.

यंत्र कधीचंच बंद पडलं होतं. दुरुस्ती हंगाम संपल्यावर बघू, असं मालकांचं म्हणणं. दारावर मात्र 'निसर्गस्नेही' अशी पाटी, आणि 'पाणी वाचवा, चादर रोज धुवायला टाकू नका' ही चिठ्ठी प्रत्येक उशीवर मीच ठेवायचो. मालक म्हणाले, "तुम्हीच प्या. देवभक्त माणूस, तुमच्या तोंडाकडे बघून कुणाला शंका येणार नाही." मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

तुझ्या चिमणीला जुलाब लागले तेव्हा तू मलाच फोन केलास. हवा बदललीय, पाणी उकळून दे, एवढंच बोललो. का उकळायचं, ते सांगायला जीभ रेटली नाही. मग तिला सलाईन लागलं. देवापुढे बसलो, पण लेकरासाठी मागायला तोंड उघडेना. कुठल्या तोंडाने मागणार?

आज सकाळी ओढ्याकडे जाणारा पाइप मी सिमेंटने बुजवला. "सगळ्या खोल्या भरल्यात, वेड लागलंय का?" मालक ओरडत राहिले. दुपारपर्यंत घाण हिरवळीवर आली आणि पाहुणे बॅगा उचलून निघाले. नोकरीही तिथेच संपली. मग वस्तीत जाऊन सगळं खरं सांगितलं. बायकांनी भरलेले हंडे माझ्यासमोरच ओतून दिले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. औषधाला उपयोग व्हावा म्हणून इथे दवाखान्यात येऊन डॉक्टरांनाही सांगितलं. दारातून तुम्ही दोघी दिसलात, तू चिमणीचे केस विंचरत होतीस. आत पाऊल पडलं नाही. पण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहून नर्सबाईंच्या हाती देतो आहे. मी बाहेर बाकावर बसलोय. येऊन काय बोलायचं ते बोल. उठून जाणार नाही.

अजून म्हणवत असेल तर,
तुझाच
दादा