मधात कुठंच न थांबणारं विमान

आई,

दिल्लीहून शिकागोला विमानाला पंधरा तास लागतात हे मी फोनवर सांगितलं, तेव्हा तू विचारलंस, "मधात कुठंच थांबत नाही? आपली राळेगावची एसटी नागपूरपर्यंत किती ठिकाणी थांबते." मी हसले. तू हसली नाहीस. अंगणवाडीतल्या पोरांना सांभाळण्यात तुझी हयात गेली, नागपूरच्या पुढे तू कधी पाऊल टाकलं नव्हतंस. पण माझं पहिलं बाळंतपण अवघड होतं, डॉक्टरांनी मला अंथरुणातून उठायला मनाई केली होती, म्हणून तू निघालीस. कापसाची ती वाईट वर्षं होती, गावोगाव शेतकरी जीव देत होते. गावातून फोन आला की "कोण गेलं?" हेच आधी तोंडात यायचं. अशा प्रत्येक घरी तू जायचीस आणि तिथल्या बाईजवळ नुसती बसून राहायचीस. मी इतक्या लांब होते, तरी फोन वाजला की उचलायला नको वाटायचं.

त्या दुपारीही वाजला. तुला आणायला गेलेले हे विमानतळावरून बोलत होते. विमान आलंच नव्हतं. कॅनडात कुठेतरी उतरवलं होतं. एका वयस्कर भारतीय बाईची तब्येत बिघडली होती, नाव कोणी सांगत नव्हतं. मी कुशीवर पडून आहे, पोट दगडासारखं घट्ट होतंय. तुला बीपी आहे. पाणी सोडून इंग्रजीत तुला काही मागता येत नाही. "आईच असेल का हो?" मी विचारते. "नसेल गं," हे म्हणतात, आणि त्यांचा आवाज फाटतो.

अंधार पडता पडता दार उघडलं आणि तू आत आलीस, पांढरीफटक. मी हुंदके देत होते. "काहून रडून राह्यली? मी आली ना," म्हणालीस, आणि मग माझ्याच उशाशी मटकन बसलीस. "माह्या बाजूचीच होती ते बाई. पंजाबी. मले तिची बोली समजे नाही, पण हात सोडे नाही माहा. तिले उतरवलं, अन् विमानातली पोरगी मले हातानंच सांगे, बसून राहा. तिच्यासंग कोणीच नव्हतं वं. मले वाटलं, आता मीबी गेली तं खाली कोणतं गाव आहे, तेबी कोणाले माहीत नाही."

ती बाई वाचली की नाही, आपल्याला कधीच कळलं नाही. माझी लेक मात्र सुखरूप झाली. आम्ही यवतमाळला परतलो, आणि तू गेलीस तेव्हा तुझ्या उशाशी मी होते.

आता तीच लेक मेलबर्नला आहे, दिवस भरत आलेत. उद्या मी एकटी निघते. काल तिने विचारलं, "भीती नाही ना वाटत?" "छे," मी म्हटलं. हा कागद मी फाडून टाकणार आहे, घरात कोणाच्या हाती लागायला नको. पण तुला सांगते, आई, सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही.