बाबा, ताल फुगली आहे

प्रिय बाबा,

जय ख्रिस्त.

तुम्ही गेल्यापासून रोज संध्याकाळी जपमाळेच्या शेवटी तुमचं नाव घेतो. तेवढ्यात बोलून होतं. आज होईना. आज पंधरा ऑगस्ट, मरीयामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. मिस्सेला जायचं सोडून मी शाळेच्या व्हरांड्यात बसलोय आणि समोरच्या तुमच्या तालीकडं, खाचराच्या त्या दगडी बांधाकडं, बघतोय. तिला पोट आलंय, बाबा! पडेल की राहील, कुणालाच सांगता येत नाही. नुसतं बघत बसवेना, म्हणून मास्तरांकडून कागद मागून घेतला.

ही ताल तुम्ही घातलीत तेव्हा मी शाळेत होतो. दिवसभर लोकांच्या खाचरांना ताली घालायच्या आणि उन्हं कलल्यावर आपल्या उतारावर यायचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दगड. चुन्याचा कण नाही की सिमेंटचा. दगडाला दगड बसला पाहिजे, नाहीतर तुम्ही तो पुन्हा उचलायचा. रविवारी मात्र दगडाला हात लावायचा नाही. संध्याकाळी जपमाळेला बसलात की अर्ध्यात तुमची मान पडायची, आणि आई कोपरानं ढोसायची, “देवदूत जागा हाय, तुमी झोपा!”

तालीच्या तळाशी तुम्ही भोकं ठेवलीत. नाकपुड्या म्हणायचात त्यांना. वरच्या भातखाचरातलं पाणी मुरून तिथून बाहेर यायचं. दरवर्षी आजच्या दिवशी, पुण्याच्या एसटीला जायच्या आधी, धुतलेला सदरा खांद्यापर्यंत सारून तुम्ही त्या भोकांत हात घालायचात. गाळ काढायचात. आई ओरडायची, “मिस्सेला निघालाय का चिखलाला?” तुम्ही म्हणायचात, “तिला श्वास घिऊ दे, मग आपण जाऊ.”

तुम्ही गेल्यावर अंतोननं तालीखाली हॉटेल टाकलं. रागावू नका, चांगलं चाललंय. पानशेतला येणारी पुण्याची माणसं आईच्या हातच्या भाकरीसाठी थांबतात. पण उन्हाळ्यात मी आईला मोतीबिंदूसाठी भोरला घेऊन गेलो, आणि परत आलो तर तालीवर सिमेंट! वर गड रंगवलेला, शेजारी फोटो काढायला बाकडं. मी विचारलं, “नाकपुड्या रं?” तो म्हणाला, “दादा, आतून पाईप टाकलेत. ओल येती, गिऱ्हाईक नाक मुरडतं.” माझ्या पाठच्या भावावर मी विश्वास ठेवला. तुम्ही नसता ठेवला का?

आठवडाभर पाऊस हटलेला नाही. आज सकाळी बघितलं, तर वरचं खाचर तुडुंब आणि तालीतून थेंब बाहेर नाही. रंगवलेल्या गडाच्या मधोमध चीर, आणि भिंत पुढं आलेली. खाली पत्र्याच्या शेडमध्ये सुट्टीची गर्दी. तालीला पाठ लावून आई भाकऱ्या थापत होती.

“अंतोन, हॉटेल रिकामं कर.”

“दादा, आजचा दिवस जाऊ दे. लोकांसमोर तमाशा नको.”

“पाईप कुठायत?”

त्यानं ताटं उचलली आणि गिऱ्हाइकांकडं गेला.

मी आईकडं वळलो. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “तुज्या बापानं घातलेली ताल हाय. मला काय करंल ती? जा, पाणी आण.”

बाबा, इथं मला तुमचा राग आला. खरंच आला! एवढा विश्वास कशाला लावून गेलात तिला? ती तुमच्या हातावर विसंबून बसली होती, आणि तो हात आता त्या भिंतीत राहिलाच नव्हता. मी दंड धरला, तिनं झटकला. वरून मातीचा एक लपका तव्यावर पडला. तो तिनं उलथन्यानं बाजूला केला आणि पुढची भाकरी घेतली.

तेव्हा अंतोन तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. “आई, ती बाबांची ऱ्हायली न्हाई. नाकपुड्या म्या बुजवल्या. पाईपबी न्हाई टाकलं.”

आईनं हातातली भाकरी परातीत टाकली. “बुजवल्यास? आन मला तिच्याखाली बसवलंस?”

मग तिनं गॅस बंद केला. पिठाच्या हातानंच एकेकाच्या पुढची ताटं उचलली. “उठा रं लेकरांनो. भाकरी शाळंत जाऊन खावा. उठा म्हन्ते न्हवं!” एक जण मोबाईल काढून तालीचा फोटो घ्यायला लागला, तर त्याला असं काही बोलली की ते इथं लिहीत नाही. सण आहे.

अंतोननं पहार घेतली. मी म्हणालो, मी जातो. आई म्हणाली, “त्यानं बुजवल्यात, त्यो उघडंल. तू दोर धर.”

त्याच्या कमरेला दोर बांधून मी लांब उभा राहिलो. तो तालीच्या टोकाला, अंग बाजूला ठेवून, घाव घालत होता. प्रत्येक घावाला वरचे दगड किरकिरायचे. नमो मरिया मी कितीदा सुरू केली आणि कितीदा अर्धी सोडली, माहीत नाही. सिमेंटची खपली निघाली. काहीच आलं नाही. मग अंतोननं पहार टाकली आणि तुमच्यासारखा खांद्यापर्यंत हात आत घातला. मी दोर ओढणार, तेवढ्यात लाल पाण्याची चूळ त्याच्या तोंडावर आली. तो हसतही होता आणि रडतही होता. मी त्याला ओढून घेतलं.

आता तो माझ्या शेजारी बसलाय, हात कोपरापासून सोललेला. तालीचं पोट अजून तसंच आहे, पण तासाभरात वाढलेलं नाही. आईला अजून लांबचं स्वच्छ दिसत नाही. माळेच्या प्रत्येक दशकानंतर, दहा मणी झाले की, ती विचारते, “पाणी निवळलं का रं?”

“न्हाई, आई. लालच हाय. आतली माती अजून येतीय.”

“मग माळ ठिवू नगा.”

बाबा, ताल उभी राहो की आडवी होवो, शब्द देतो. भात कापून झालं की आम्ही दोघं ती वरून, एकेक दगड हातानं उतरवू आणि पुन्हा घालू, बिनसिमेंटची. दरवर्षी आजच्या दिवशी मिस्सेआधी तिच्या नाकपुड्यांत हात घालू. माझा एक, अंतोनचा एक. आणि तोवर आई तिच्याखाली बसणार नाही, तुमचं नाव घेऊन सुद्धा नाही.

आई पुढचं दशक सुरू करतेय. पेन ठेवतो.

तुमचा,
पेत्रू